हृदयाकृती पानांची जुनी चित्रे आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी: एक परीक्षण

गुळवेल, नागवेल, पिंपळ, कडू कारांदा, पहाडवेल आणि कोकण किनाऱ्यावरची भेंडी (भाजीची नव्हे, पारोसा पिंपळ) या सगळ्यांच्या पानांचे वर्णन आपण हृदयाकृती या एकाच शब्दात करतो. यांतील गुळवेल आणि पहाडवेल तेवढ्या एका कुळातल्या आहेत. बाकी प्रत्येकाचे कूळ वेगळे. अशा वनस्पतींची सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील चित्रे पाहायची असतील, चित्राबरोबर छापलेला मूळ मजकूरही वाचायचा असेल आणि त्यासाठी खर्च करायचा नसेल, तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या डिजिटल ग्रंथालयाइतकी चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही. मात्र तिथे नेमके पान सापडण्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते आणि ती तयारी कोणती, हे मराठी वाचकासाठी कुठे एकत्र लिहिलेले दिसत नाही. म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे.

ग्रंथालयाची ओळख थोडक्यात अशी. निसर्गविज्ञानाची जुनी पुस्तके ज्यांच्याकडे आहेत अशा मोठ्या ग्रंथालयांनी 2006 साली एकत्र येऊन हा उपक्रम सुरू केला. लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम, क्यू उद्यान, न्यूयॉर्क आणि मिसूरी येथील वनस्पती उद्याने, अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था अशी नावे त्यात आहेत. आज तिथे सहा कोटींहून अधिक पाने पाहायला मिळतात. वाचण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, शुल्क नाही, आणि जुन्या पुस्तकांची पाने उतरवूनही घेता येतात. निवडक चित्रांचा एक वेगळा साठा फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवलेला असून केवळ चित्रे चाळण्यासाठी तो सोयीचा आहे.

हृदयाकृती पानाची गंमत अशी, की आकारावरून वनस्पती ओळखता येते असे वाटते, पण येत नाही. देठ जिथे पात्याला मिळतो तिथली खाच, त्या एका बिंदूपासून फाकलेल्या शिरा आणि निमुळते टोक एवढे तर अनेक कुळांत सापडते. विशेषतः चढणाऱ्या वेलींमध्ये, जिथे लांब देठावर पाते तोलून धरायचे असते. फरक असतात ते बारीक गोष्टींत. पिंपळाचे टोक शेपटीसारखे लांब ओढलेले असते, त्यावरून पावसाचे पाणी पटकन निथळते. नागवेलीच्या पानाच्या बुडाच्या दोन्ही बाजू बहुधा सारख्या नसतात. अळूचे पान लांबून हृदयाकृती दिसले, तरी त्याचा देठ खाचेत नसून खाचेपासून आत, पात्याच्या पाठीवर जोडलेला असतो, आणि हे दाखवण्यासाठी चित्रकाराला एखादे तरी पान उलटे करून काढावे लागते. आंबुशीत तर सगळेच उलट, कारण तिच्या तिन्ही पर्णिकांची खाच देठाकडे नसून टोकाला असते. चांगले वनस्पतिचित्र आणि पानाची नुसती सुंदर आकृती यांतला फरक इथेच कळतो. ग्रंथालयाची योग्यता मी याच कसोटीवर पाहिली.

गुळवेलीचे उदाहरण घेते, कारण तिच्या बाबतीत हा फरक केवळ सौंदर्याचा राहत नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचे सेवन खूप वाढले आणि त्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींची चर्चा झाली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने 2022 साली स्पष्टीकरण देताना, गुळवेलीशी साम्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीशी गल्लत होऊ नये असे सांगितले. दोघींची पाने हृदयाकृतीच. पण क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात, खोड करडे असते, त्यातून दुधाळ स्राव येतो आणि तिच्या फुलाला तीन पाकळ्या असतात. आपल्या गुळवेलीचे खोड हिरवट, गाठींविना, दुधाळ स्रावाविना आणि फुलाला पाकळ्या सहा. म्हणजे पान पाहून निर्णय करणारा इथे फसणार आणि खोड व फूल पाहणारा वाचणार. औषधासाठी वेल ओळखायची असेल तर कोणत्याही चित्रावर विसंबू नये, जाणकाराला प्रत्यक्ष वेल दाखवावी. तरीही काय पाहायचे हे डोळ्याला शिकवण्याचे काम जुनी चित्रे फार चांगले करतात.

गुळवेलीसाठी मी रॉबर्ट वाइट यांच्या सहा खंडी चित्रसंग्रहाकडे वळते. 1838 ते 1853 या काळात मद्रासमध्ये शिळाछापावर निघालेल्या या ग्रंथात 2101 चित्रे आहेत आणि ग्रंथालयात त्याचे सर्व खंड उघडता येतात. गुळवेल तिथे काकुलस कॉर्डिफोलियस या जुन्या नावाखाली आहे. वाइट यांच्या चित्रांची एक ठरलेली शिस्त आहे: पानाफुलांची फांदी मोठी, आणि तिच्या पायाशी किंवा बाजूला फुलाचे सुटे केलेले भाग वाढवून, क्रमांक घालून मांडलेले. चित्रे बहुतेक बिनरंगी आहेत, पण त्याने काही उणे वाटत नाही. उलट शिरा आणि लव यांच्याकडे लक्ष चांगले लागते. ही चित्रे प्रामुख्याने रंगिया आणि गोविंदू या दोन दक्षिण भारतीय चित्रकारांनी काढली आहेत. वाइट यांनी ऑर्किडच्या एका प्रजातीला (जीनसला) गोविंदू यांच्या नावावरून गोविंदूया असे नाव दिले होते. त्या काळातील कंपनी सरकारसाठी काम करणाऱ्या असंख्य भारतीय चित्रकारांची नावेसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या नोंदीचे मोल कळते.

आणखी एक गोष्ट गुळवेलीच्या निमित्ताने सांगावीशी वाटते. या वेलीची पाने गळतात आणि फुलांचे हिरवट पिवळे तुरे बहुधा वेल निष्पर्ण असताना येतात. लालबुंद फळे त्यानंतरची. म्हणजे पान, फूल आणि फळ एकाच चित्रात दाखवणारा चित्रकार वेगवेगळ्या महिन्यांतील वेल एका कागदावर आणत असतो. असे चित्र छायाचित्राने साधत नाही. पानाच्या देठाचे बूड फुगीर आणि किंचित पिळलेले असते, लांब दोऱ्यांसारखी हवाई मुळे खाली लोंबतात, सालीचा पातळ पापुद्रा निघतो. कुंपणावरच्या गुळवेलीशी चित्र पडताळून पाहताना या खुणा एकेक करून शोधाव्यात. हृदयाची आकृती शेवटी पाहिली तरी चालेल.

आता शोधाविषयी, कारण बहुतेक नवखे वाचक इथेच अडतात. या ग्रंथालयाचे मोठे सामर्थ्य असे, की यंत्राने वाचलेल्या प्रत्येक पानावरची शास्त्रीय नावे ओळखून ती पानाशेजारी दिली जातात आणि एखाद्या नावाने शोध घेतला की ते ज्या पुस्तकांत आले आहे त्यांची यादी मिळते. हृदयाकृती पानांसाठी रोमन लिपीत कॉर्डिफोलिया हे विशेषण घालून पाहावे. महाराष्ट्रात वाढणाऱ्या किती वनस्पती त्या एका विशेषणाने हाती लागतात! गुळवेल आहेच, शिवाय हेदू, मंजिष्ठ आणि बला. यांपैकी हेदू हा सह्याद्रीतला उंच वृक्ष आणि मंजिष्ठ ही काटेरी खोडाची, दर पेऱ्यावर चार चार पानांचे वेटोळे असलेली, मुळांतून लाल रंग देणारी नाजूक वेल. तरी दोन्ही कॉफीच्या कुळातल्या. हेदूचे चित्र विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात आहे. जोसेफ बँक्स यांच्या देखरेखीखाली 1795 ते 1820 या काळात तीन खंडांत निघालेल्या या ग्रंथातील 300 चित्रे हाताने रंगवलेली आहेत. तिथे हेदू नॉक्लिया कॉर्डिफोलिया या नावाने भेटतो. समोरासमोर जोडीने आलेली रुंद पाने आणि फुलांचे गोल चेंडू पाहिले की नाव बदललेले असूनही झाड ओळखू येते.

नाव बदललेले असणे ही इथली नेहमीची अडचण आहे. जुन्या पुस्तकात आजचे नाव सापडेलच असे नाही, म्हणून शोधण्याआधी त्या वनस्पतीची जुनी नावे काढून ठेवावी लागतात. या कामी थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाचा फार उपयोग होतो. कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते आणि त्यांचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात भागांभागांनी प्रसिद्ध झाला. त्यात चित्रे नाहीत. पण प्रत्येक वनस्पतीखाली जुनी नावे आणि आधीच्या ग्रंथांतील चित्रांचे क्रमांक दिले आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी रोमन लिपीत मराठी नावही आहे. मराठी नावावरून सुरुवात करायची असेल, तर हाच दुवा सर्वांत भरवशाचा. रोमन अक्षरांतील मराठी नावांचे हिज्जे मात्र दोनतीन प्रकारे करून पाहावेत.

नावाने शोध घेण्याची पद्धत एका ठिकाणी मात्र पूर्णपणे थिटी पडते, आणि नेमके तेच पुस्तक मला या साऱ्या संग्रहात सर्वाधिक मोलाचे वाटते. कोचीचे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीडे यांनी सिद्ध केलेला हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यांची दोन शब्दांची नामपद्धती रूढ होण्यास त्यानंतर साठ वर्षे जायची होती, त्यामुळे आजचे शास्त्रीय नाव त्या पानांवर असण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे पिंपळ आहे तो अरेआलु या मल्याळी नावाने, आणि किनाऱ्यावरची भेंडी, म्हणजेच पारोसा पिंपळ, बुपारिती या नावाने. पुढे लिनियस यांनी आणि त्यांच्यानंतरच्या सर्व ग्रंथकारांनी ऱ्हीडे यांच्या चित्रांचे दाखले खंड आणि क्रमांकासह दिले. त्या दाखल्यांवरूनच उलट जावे लागते: पिंपळासाठी पहिला खंड, चित्र 27, भेंडीसाठी तोच खंड, चित्र 29. जोसेफ हुकर यांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशात, जो 1872 ते 1897 या काळात सात खंडांत निघाला, असे दाखले विपुल आहेत. तो उघडून ठेवावा आणि शेजारच्या खिडकीत हॉर्टस मलबारिकसचा योग्य खंड काढावा. एकदा सवय झाली की काम झपाझप होते.

पिंपळ आणि पारोसा पिंपळ इतक्या जवळच्या पानांवर असल्यामुळे दोन हृदयाकृती पाने शेजारी ठेवून पाहण्याची संधी इथे आपसूक मिळते. पिंपळाला लांब शेपूट आणि पानांच्या बेचक्यांत बसलेली छोटी बिनदेठी फळे. भेंडीला मोठे, घंटेसारखे, पिवळे आणि आतून गर्द ठिपक्याचे फूल, जे दिवस मावळेपर्यंत तांबूस जांभळे होते. ताम्रपटावर कोरलेल्या बिनरंगी चित्रात रंग दिसणार नाही, पण फुलाची घडण आणि फळ पाहूनच दोघांतले अंतर लक्षात येते. ऱ्हीडे यांच्या चित्रकारांनी फांदी पानभर पसरवली आहे. मोठा कागद, भरघोस रेषा, मुडपलेली पाने, काही पालथी, काही अर्धी वळलेली. आकाराने मोठे चित्र पडद्यावर पाहताना ते मोठे करून डाव्या कोपऱ्यापासून सावकाश सरकत पाहावे, नाहीतर शिरांचे बारकावे हातचे जातात.

मराठी आणि कोंकणी वाचकाला या ग्रंथाविषयी आणखी आपलेपणा वाटण्याचे कारण म्हणजे त्याच्या पहिल्या खंडातील नागरी लिपीतले निवेदन. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांप्रमाणेच रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोंकणी भाषक ब्राह्मण वैद्य या कामात सहभागी होते. गोव्याकडून दक्षिणेला गेलेल्या कोंकणी समाजाची कोचीत मोठी वस्ती होती, तिच्यातलेच हे तिघे. 1675 सालचे त्यांचे कोंकणी निवेदन नागरी अक्षरांत छापले गेले आणि चित्रांच्या माथ्यावर रोमन, मल्याळी आणि अरबी अक्षरांच्या जोडीने नागरीतही नावे कोरली गेली. युरोपातील कोरक्याने न कळणारी अक्षरे पाहून कोरली असल्याने ती वाचायला सायास पडतात, पण वाचता येतात. आपल्या लिपीतल्या या इतक्या जुन्या छापील खुणा एखाद्या संस्थेच्या कुलूपबंद कपाटात न राहता घरबसल्या पाहता याव्यात, ही या ग्रंथालयाची माझ्या लेखी सर्वांत मोठी देणगी आहे.

जुन्या चित्रांवर श्रद्धा ठेवतानाही एक सावधगिरी बाळगावी. ताम्रपट असो, काष्ठठसा असो किंवा शिळाछाप, कोरलेले चित्र कागदावर उमटते ते उलट होऊन. मूळ चित्र आधीच उलटवून कोरले नसेल तर डावे उजवे होते. झाडाच्या फांदीत त्याने बिघडत नाही, वेलीत मात्र बिघडते. कडू कारांदा आणि कोनफळ दोन्ही एकाच प्रजातीतले, दोघांचीही पाने हृदयाकृती आणि शिरा कमानीसारख्या वळलेल्या. पण कारांद्याची वेल डावीकडे वेढे घेत चढते आणि कोनफळाची उजवीकडे. चित्रातील वेढ्यांवर भरवसा ठेवण्याऐवजी कारांद्याची एकाआड एक पाने व बेचक्यातले कंद, आणि कोनफळाचे चार पंखांचे खोड या खुणा धराव्यात. मजकूर शेजारी असला म्हणजे अशी पडताळणी करता येते, आणि हे ग्रंथालय चित्र कधीही मजकुरापासून तोडत नाही.

घरसजावटीसाठी विकल्या जाणाऱ्या जुन्या वनस्पतिचित्रांच्या संचांशी तुलना करावीशी वाटते ती यामुळेच. असा हृदयाकृती पानांचा एक संच मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला होता. कागद जाड आणि छपाई स्वच्छ होती, पण चित्राखालची ओळ, क्रमांक आणि फुलाचे सुटे भाग सगळे कापून टाकलेले. मुळात बिनरंगी असलेल्या शिळाछापावर संगणकाने हिरवा रंग फासलेला. आणि एका चित्राखाली नागवेलीचे नाव असताना पानाचे शेपूट सरळ सरळ पिंपळाचे. हे चित्र कुणाचे, कुठल्या ग्रंथातले, कोणत्या सालचे, यांपैकी काहीच कळण्याची सोय उरली नव्हती. भिंतीवर पान शोभून दिसेल. पण ज्या माणसाने देठाचा पीळ आणि पाकळ्यांची संख्या पाहून पाहून काढली, त्याचे निम्मे काम कात्रीखाली गेले, याचे मला मनापासून वाईट वाटले.

ग्रंथालयाच्या मर्यादाही आहेत. सगळा व्यवहार इंग्रजीतून चालतो. जुन्या छापातील अक्षरे यंत्राला नेहमीच नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे शोधात न आलेले नाव पुस्तकात नाहीच असे समजू नये. खंडाची अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनी पाहावे. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या ग्रंथालयांतील प्रती असतील, तर एकीतले रंग दुसरीपेक्षा फिकट असू शकतात, कारण हाताने रंगवलेल्या प्रती मुळातच एकसारख्या नसत. दोन प्रती उघडून तुलना केलेली बरी. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हे ग्रंथ पाहण्यात अर्थ नाही.

शिवाय हे मुख्यतः छापील ग्रंथांचे घर आहे. पुण्याजवळच्या दापुरी येथील, म्हणजे आजच्या दापोडीतील, सरकारी उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात एका अनामिक पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची जलरंगातील चित्रे काढून घेतली होती. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानाकडे आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचा असा हा ठेवा पाहायचा तर त्या उद्यानाच्या संग्रहाकडेच जावे लागते. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांचा 1918 सालचा औषधी वनस्पतींचा ग्रंथ मात्र छापील असून त्यात हजाराहून अधिक चित्रे आहेत. आयुर्वेदाच्या अंगाने पाहणाऱ्या वाचकाने वाइट यांच्या जोडीला तो अवश्य चाळावा.

चित्र छापून घ्यायचे असल्यास उपलब्ध असेल ती सर्वांत मोठी प्रतिमा उतरवून घ्यावी, पानाचे पीडीएफ छपाईला देऊ नये. त्यात शिरांच्या बारीक रेषा पुसट होतात. कागद चकचकीत नको, किंचित पिवळसर आणि खरखरीत असावा, म्हणजे ताम्रपटाच्या रेषा उठून दिसतात. जुन्या कागदाचे डाग काढण्याचा आग्रह दुकानदार धरतात, त्यांना तसे करू देऊ नये, कारण डागांबरोबर लव आणि ठिपकेही जातात. आणि चित्र चौकटीत बसवताना माथ्यावरचे नाव, कोपऱ्यातला क्रमांक व खालचे सुटे भाग यांसह पूर्ण पान घ्यावे, असे फ्रेमवाल्याला आधीच बजावून सांगावे.